अज्जीच्या हाताची खुंटी

गॅसच्या शेगडीचे नॉब ओढून काढायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे, हे काम आपल्या घराघरांत दिवाळीच्या आधी एकदा तरी होतं. धुऊन पुसून परत बसवायला घेतले की त्यातला एक हमखास सैल लागतो. मग कुणी आत कागदाची घडी सारतं, कुणी दोऱ्याचा वेढा देतं, आणि काही घरांत पक्कड शेगडीजवळच कायमची मुक्कामाला येते. नॉबचा विचार आपण एवढाच करतो. मीही एवढाच करत होतो. गेल्या मे महिन्यात सुरतेजवळ कडोदऱ्याला मावशीकडे आठ दिवस राहून आलो, आणि तेव्हापासून दिसेल त्या यंत्राचा कान पिळून बघायची खोड मला लागली आहे.

कडोदरा हे सुरत स्टेशनाच्या पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर. गाव म्हणायचं आपलं. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि सुरतेहून बारडोली, नवापूर, धुळ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्या चौकाभोवती कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या मिलांची दाटी. शेजारच्या चलथाणला साखर कारखाना आहे, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला उसाच्या गाड्या बघून क्षणभर घरी असल्यासारखं वाटतं. धुळे-नंदुरबारकडची खानदेशी माणसं या बाजूला पुष्कळ. रिक्षातही अहिराणी कानावर पडते. आपल्या सीमाभागातली मंडळी मात्र शोधावी लागतात.

मावशी चिकोडीची. दिली इचलकरंजीला. काकांचे चार माग होते. मागाचे दिवस फिरले तेव्हा तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, सुरतेकडे गेला आणि एका प्रोसेस मिलमध्ये सुपरवायझर झाला. काका गेल्यावर मावशीही तिकडेच. माहेरी कन्नड, सासरी मराठी, म्हातारपणी शेजारपाजार गुजराती. पण गाणं तिचं तेच राहिलं. सकाळी आधी बसवण्णांचं एखादं वचन, मग तुकोबांचा एखादा अभंग. दोन्ही एकाच षड्जावर. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. आपल्या घरांतून वाढलेल्या कुणालाच वाटणार नाही.

इचलकरंजीत तिच्याकडे मिरजेचा तंबोरा होता. सामान सुरतेला नेताना भोपळ्याला तडा गेला आणि तो भिंतीवर गेला. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. मावशी त्याला ‘श्रुतिपेट्टिगे’ म्हणते, नातवंडं नुसती ‘पेटी’ म्हणतात. डबा लहान, त्यावर चार-पाच काळे नॉब, प्रत्येक हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. एक आवाजाचा, एक लयीचा, एक पहिल्या तारेचा, आणि एक सर्वांत महत्त्वाचा, पट्टीचा.

मी पोचलो त्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर मावशी पेटीसमोर बसलेली, पण गात नव्हती. सांधेवातानं तिच्या हाताची बोटं वाकली आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो नॉब धरायचा, आणि धरला की तो एकदम हवा त्यापेक्षा जास्त फिरायचा. परत मागे घ्यायचा, की खाली उतरायचा. मला बघून म्हणाली, “श्रुती कूडवल्दु, तम्मा.” सूर जुळेना झालाय.

मी पुढे होऊन लावून दिला. तिनं दोन मिनिटं ऐकलं, मान हलवली आणि पेटी बंद केली. “तू लावलास तो तुझ्या कानाचा,” एवढंच बोलली.

नंतर वहिनींनी सांगितलं, की गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. नात गाणं शिकते, तिची पट्टी काळी पाच. मावशी पूर्वी तिथेच गायची, आता वयानं काळी तीनवर आली आहे. थंडीत आणि पहाटे त्याच्याही किंचित खाली. म्हणजे पेटी दिवसातून दोनदा तरी फिरवावी लागणार. नात शाळेला गेली की लावून द्यायला कुणी नाही. कुणाला सारखं सारखं सांगायचं, म्हणून मावशीनं हळूहळू गाणंच कमी केलं. घरात कुणाच्या ते लगेच लक्षातही आलं नाही. सकाळचा आवाज थांबला की तो थांबला हे कळायला वेळ लागतो.

आता यात पुतण्याचा प्रवेश. हा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या खोलीत पलंगाखाली एक लाकडी चौकट आहे आणि तिच्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या बसवलेल्या. प्रत्येक पट्टीवर नॉब आणि भोकं, भोकांतून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. भाऊ त्याला ‘मीटरबोर्ड’ म्हणतो. त्याचं खरं नाव मॉड्युलर सिंथेसायझर.

हे वाद्य समजून घ्यायला मला स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उपयोगी पडला. डब्यात वाट्या सुट्या असतात, प्रत्येकीत एकच जिन्नस. तसं इथे प्रत्येक पट्टीचं काम एकच. एक स्वर निर्माण करते, दुसरी त्यातला चिरका भाग गाळते, तिसरी आवाज चढवते-उतरवते, चौथी नुसतीच हळू हळू झोके देते. कुठली पट्टी कुठल्या पट्टीला जोडायची ते वाजवणाऱ्यानं वायरीनं ठरवायचं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास या पद्धतीचं वाद्य घडवलं आणि त्याच सुमारास तिकडे पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुकला यांनीही. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीच्या डोपफर कंपनीनं पट्ट्यांचं माप लहान केलं. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. तेच माप जगभरच्या हौशी लोकांनी उचललं. आमच्या चिरंजीवांनीही.

मूग यांच्या पद्धतीत स्वर म्हणजे विजेचा दाब. एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. षड्जापासून तार षड्जापर्यंत एक व्होल्ट! अर्धा स्वर हवा तर त्याचा बारावा भाग, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आणि हा दाब कमीजास्त कोण करतं, तर नॉब. पियानोची पट्टी दाबली की ठरलेला स्वर येतो, तिच्या मधलं काही येत नाही. हार्मोनियमवर आपल्या गवयांचा जुना राग होता तो याच कारणानं. आकाशवाणीनं तर १९४० पासून तीस वर्षं तिला बाहेर ठेवलं. नॉबला मात्र मधल्या जागा सगळ्या मोकळ्या. कोमल गांधार किती कोमल ठेवायचा हे बोट ठरवतं.

“म्हणूनच काका, या वाद्यात नॉब हेच वाद्य आहे,” पुतण्या म्हणाला. वर्गात मुलांना शिकवता शिकवता माझी वीस वर्षं गेली, पण एवढं नेमकं वाक्य विद्यार्थ्याकडून क्वचित ऐकलंय.

हे वेड आपल्या देशात नवीन नाही, हे मला तिथे कळलं, आणि वाचकांनाही सांगितलं पाहिजे. कडोदऱ्याहून उत्तरेला चार-पाच तासांवर अहमदाबाद. तिथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली एक मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. या बाई पखवाज वाजवत, आणि १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे धडे दिले होते. एनआयडीच्या त्या स्टुडिओत गीताबाईंसह अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी १९७२ पर्यंत काम केलं. मग स्टुडिओ थंडावला आणि टेप संस्थेत पडून राहिल्या. ब्रिटनमधले कलावंत पॉल पर्गस यांनी त्या पुन्हा उजेडात आणल्या, आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक ध्वनिमुद्रणांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षं! एवढ्यात आपल्याकडे एक पिढी निवृत्त होते.

मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावर जी तबकडी केली तिचीही गोष्ट अशीच. रोलंड कंपनीची यंत्रं, त्यांतल्या एका छोट्या यंत्राच्या माथ्यावर नॉबची एक ओळ, आणि त्यातून निघालेले राग. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशी लोक चकित झाले. चरणजित २०१५ साली गेले, म्हणजे थोडं कौतुक तरी डोळ्यांनी बघून गेले. आणि आपल्या शेजारी बंगळूरमध्ये जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. शिक्षणानं इंजिनिअर, छंदानं बासरीवादक. आज मावशीसारख्या हजारो घरांत जो डबा वाजतो, त्याच्यामागे सूर कळणारा असा एक इंजिनिअर आहे. (आमच्या घरची पेटी कुठल्या कंपनीची ते मी लिहीत नाही, तिच्यात दोष काहीच नव्हता, बोटं म्हातारी झाली होती.)

पुतण्या तेव्हा स्वतःच्या पट्ट्यांसाठीच नॉब तयार करत होता, तेही काढता-घालता येणारे. त्याची अडचण अशी. पट्ट्या अरुंद, नॉब जवळ जवळ. मोठे लावले तर शेजारचं भोक झाकलं जातं आणि वायर खुपसता येत नाही. लहान लावले तर स्वर नेमका लागत नाही. मग त्याच्या डोक्यात आलं, की ज्या वेळी जो नॉब मुख्य असेल तेवढ्यावर मोठी टोपी चढवायची, काम झालं की काढून ठेवायची.

मला वाटलं, यात डिझाइन ते काय? बूच आहे, बसवलं की झालं. तर त्यानं मला पाऊण तास व्याख्यान दिलं. त्याचा सारांश देतो, कारण तो शेगडीलाही लागू आहे.

नॉबच्या खाली जो दांडा असतो तो साधारण ६ मिलिमीटर जाड. त्याचे प्रकार तीन. एकाला बारीक दाते, बहुतेक अठरा, आणि मधोमध एक चीर. चिरेमुळे दोन पाकळ्या स्प्रिंगसारख्या दबतात आणि नॉब घट्ट धरून ठेवतात. सैल झाला तर चिरेत सुरीचं टोक घालून पाकळ्या केसभर फाकवायच्या, कागद-दोरा काही लागत नाही. दुसरा दांडा एका बाजूनं सपाट तासलेला. शेगडीचा असतो तो हा. त्याचा नॉब एकाच दिशेनं बसतो, त्यामुळे त्यावरची खूण कधी चुकत नाही. तिसरा अगदी गोल गुळगुळीत, त्यावर नॉबच्या कुशीतून एक बिनडोक्याचा बारीक स्क्रू आवळायचा. हा सर्वांत भक्कम, पण दर वेळी किल्ली शोधा.

आता काढण्याची गोष्ट. नॉब एवढा घट्ट हवा की फिरवताना सुटू नये, आणि एवढा सैल हवा की ओढल्यावर आतलं यंत्र उपटून येऊ नये. आतला जो भाग फिरतो तो पॅनेलला नटानं आवळलेला असेल तर ओढीचा भार पॅनेल सोसतं. तो नुसता खालच्या सर्किटला डाग देऊन चिकटवलेला असेल, तर प्रत्येक ओढीला ते डाग थोडे थोडे तडकतात आणि एके दिवशी खरखर सुरू होते. जुन्या रेडिओची खरखर आठवते ना? तिला कारणं अनेक, त्यातलं हेही एक.

म्हणून त्यानं नॉबचे दोन भाग केले. आतला लहान खुंट दांड्यावर कायमचा. त्याच्याभोवती एक खाच आणि खाचेत रबराची बारीक रिंग. वरची टोपी त्या रिंगेवरून ‘टप्’ करून बसते आणि तशीच सुटते. खुंटाची एक बाजू सपाट, त्यामुळे टोपी कुठल्याही आकाराची असली तरी खूण जागच्या जागी. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर त्यानं हे छापलं. त्यातही गंमत. कॉम्प्युटरवर ६ मिलिमीटरचं भोक काढलं तर छापून थोडं लहान येतं. मग ६.०, ६.१, ६.२, ६.३ अशी नुसती भोकांची एक पट्टी छापायची, दांडा एकेकात घालून बघायचा आणि हाताला जे पटेल ते माप घ्यायचं. परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळायचे नाहीत, पण काम असंच होतं.

ते सगळं ऐकताना माझी नजर भिंतीवरच्या तंबोऱ्याकडे गेली. तिथे तीन खुंट्या होत्या. चौथी?

“माझ्याकडे आहे,” पुतण्या जरा ओशाळून म्हणाला. अज्जीला न सांगता त्यानं एक काढून अभ्यासाला घेतली होती.

खुंटी म्हणजे आपला जुना, काढता-घालता येणारा नॉबच की. कन्नडमध्ये तिला ‘बिरडे’ म्हणतात. (कोकणातल्या माणसासमोर हा शब्द काढू नये, त्याला लगेच वालाचं बिरडं दिसू लागतं.) खुंटी किंचित निमुळती असते आणि भोकही तसंच निमुळतं. आत रेटली की घट्ट, बाहेर ओढली की सैल. स्क्रू नाही, रिंग नाही. घसरायला लागली तर थोडा खडू चोळायचा. मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ ही कामं होत आली आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझ्या मते खरी हुशारी खुंटीच्याही पुढे आहे. खुंटीनं सूर जवळपास आणायचा, आणि मग घोडीखालचा मणी केसभर सरकवून तो नेमका करायचा. ढोबळ कामाला एक हत्यार आणि नाजूक कामाला दुसरं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे तंबोरे कसे लागत, याच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगतात; ती सगळी लढाई त्या मण्याच्या पातळीवरची.

इथे मी मावशीचं पहाटेचं बोलणं पुतण्याला सांगितलं. ‘तू लावलास तो तुझ्या कानाचा.’ तो गप्प झाला. दोन वर्षं तो शेजारच्या खोलीत नॉब करत होता, आणि भिंतीपलीकडे अज्जीला नॉब फिरत नव्हता. त्याला दोष देत नाही. मी तर चार वर्षं फोनवर “गाणं चालू आहे ना?” विचारत होतो आणि ती “हूं” म्हणत होती.

त्या रात्री आम्ही दोघांनी हिशोब केला. मराठी शिकवणाऱ्या माणसाला गणितात घेतलं की जे होतं ते झालं, पण आकडे त्यानं तपासले आहेत. समजा पेटीचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत ३०० अंश फिरतो आणि तेवढ्यात एक सप्तक होतं. म्हणजे एक अर्धा स्वर २५ अंशांचा. त्या अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पाच भाग चुकले तरी तयार कानाला खटकतं. पाच भाग म्हणजे सव्वा अंश. आता नॉबचा व्यास १२ मिलिमीटर असेल, तर सव्वा अंशाला बोट फक्त ०.१३ मिलिमीटर सरकतं, कागदाच्या जाडीएवढं. मावशीच्या बोटांकडून हे मागणं म्हणजे क्रूरपणा. व्यास ४० मिलिमीटर केला तर तेच अंतर ०.४४ मिलिमीटर होतं, आणि फिरवायला लागणारा जोरही तिपटीहून कमी होतो.

पहिली टोपी त्यानं गोल, मोठी आणि कडेला कळ्या पाडलेली केली. दिसायला थेट मोदक. मावशीनं हातात घेतली, हसली, आणि पेटीवर लावून फिरवायला गेली तर घसरली. सकाळी ती हाताला तेल चोळते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच आठवलं नव्हतं. शिवाय गोल वस्तू धरायची म्हणजे पुन्हा बोटं आवळणं आलंच, आणि दुखणं नेमकं तिथेच.

दुसरी टोपी तिनं स्वतः सुचवली. “मोदक नको, कडबू कर,” म्हणाली. आपल्या वाचकांना कडबू सांगायला नको. अर्धचंद्रासारखा, पोटात पुरण. तिचं म्हणणं, तसा उभा अर्धचंद्र असेल तर चिमटीत धरायलाच नको, तळहाताच्या कडेनं नुसता ढकलला तरी फिरेल. पुतण्या तिच्याकडे बघतच राहिला. अपंगांसाठी नळ आणि दारं तयार करणारे लोक लांब दांडीची मूठ देतात, ती अगदी याच तत्त्वावर. ते त्यानं मला नंतर सांगितलं. अज्जीनं ते कणकेच्या पारीवरून काढलं.

कडबू तीनदा छापावा लागला. पहिला फार उंच झाला, पदर अडकायचा. दुसरा शेजारच्या लयीच्या नॉबला घासायचा. मावशी सूर चढवायला गेली की तानपुराच पळत सुटायचा, आणि नात हसून लोळायची. तिसऱ्याला खालून एक बाजू कोरून घेतली, तेव्हा जमलं.

भाऊ हे सगळं संध्याकाळी चहा घेताना बघायचा. त्याचं मत वेगळं होतं, आणि तेही ऐकण्यासारखं आहे. मिलमध्ये निघणारा नॉब म्हणजे अपघात, असं तो म्हणाला. रंगाच्या यंत्राचं तापमान कुणी चुकून फिरवलं तर आख्खा लॉट फुकट जातो. “म्हणून काही जुन्या पॅनेलांवर आम्ही सेटिंग झालं की नॉबच काढतो नि खिशात ठेवतो. नुसत्या दांड्याला कोण हात लावणार?” म्हणजे निघणाऱ्या नॉबचा एक उपयोग कुलपासारखाही आहे. पुतण्यानं हे वहीत टिपून घेतलं. बापाचं बोलणं त्यानं वहीत लिहून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि भावानंही.

कारण त्या दोघांत एक जुना तिढा आहे. भावाला मुलगा मिलच्या मेंटेनन्समध्ये हवा आहे. ओळख आहे, पगार ठरलेला आहे, घर पाच मिनिटांवर. मुलाला एनआयडीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं आहे. आधी पदवी, मग ती परीक्षा. एकदा नाही झाली तर परत एक वर्ष. भाऊ वाईट माणूस नाही. मागाचे दिवस फिरताना त्यानं बापाला बघितलं आहे, ‘हौस’ या शब्दाची त्याला भीती वाटते. मी काही मध्ये पडलो नाही. प्राध्यापक माणसानं नातेवाइकांच्या घरी सल्ला देऊ नये, हे मी अनुभवानं शिकलो आहे. एवढंच म्हणालो, की अर्ज भरायला काही हरकत नसावी. भाऊ म्हणाला, “बघू.” आमच्या घराण्यात ‘बघू’चा अर्थ नकार होत नाही, होकारही होत नाही.

निघायच्या आदल्या पहाटे मला जाग आली ती पेटीच्या आवाजानं. उठून गेलो नाही, पडून ऐकत राहिलो. सूर काळी तीनच्या जवळ आला, थोडा वर गेला, परत आला, जरासा खाली उतरला. मग बराच वेळ तसाच राहिला. तो हलत नाही असं वाटत असतानाच आणखी केसभर सरकला, आणि मावशीचा षड्ज त्यात मिसळला. आधी वचन, मग अभंग. आवाज थकला आहे, मधे मधे श्वास तुटतो. नात बाजूला अंथरुणात उठून बसली होती.

गाणं झाल्यावर मी चहा घेऊन गेलो तेव्हा पेटीवरचा कडबू गायब होता, नुसता खुंट दिसत होता. पडला की काय म्हणून मी खाली शोधायला लागलो. मावशीनं कमरेची चंची उघडून दाखवली. सुपारी, अडकित्ता, आणि त्यांच्यामध्ये तो काळा अर्धचंद्र.

“ती आता पट्टी वर नेणार, काळी पाचला,” नातीकडे बघत ती म्हणाली. “तिची तिनं लावावी. माझी माझ्याजवळ.”

भिंतीवरच्या तंबोऱ्याची चौथी खुंटी पुतण्यानं त्याच दिवशी परत बसवली. खडू मात्र घरात नव्हता, तो मी चौकातून आणून दिला.